काचेतला डावखुरा

विश्वचषक सुरू झाला की घड्याळजींच्या घरात माईला बाहेरच्या खोलीत मज्जाव. हा नियम कुणी केलेला नव्हता, पण पाळला असा काटेकोर जायचा की सरकारलाही हेवा वाटावा.

सुरुवात लग्नानंतरच्या पहिल्याच स्पर्धेत झाली. माई पाण्याचे ग्लास घेऊन बाहेर आली आणि आपला कर्णधार त्रिफळाचीत. रिकामे ग्लास न्यायला आली, तर दुसरी विकेट. घड्याळजी हसत हसतच म्हणाले होते, "तू जरा आतच थांब बघू." ती थांबली, संघ जिंकला आणि ते थांबणं कायमचं तिच्या गळ्यात पडलं. पांढऱ्या पायाची असं तिला कुणी तोंडावर म्हटलं नाही. पण विकेट पडली की आरोळी उठायची, "कोण आलं रे?" आणि सगळ्यांच्या माना स्वयंपाकघराकडे वळायच्या. माई बिचारी ओट्यापाशी पोळ्या लाटत असली तरी.

खरं तर त्या घरात खेळाची जाण होती ती माईलाच. माहेरी अंगणात तिनं भावांना असे काही फिरकी चेंडू टाकले होते की धाकटा अजून नाव काढतो. घड्याळजींनी उभ्या जन्मात घड्याळदुरुस्तीचं भिंग आणि चिमटा सोडून काही हातात धरलं नव्हतं. पण खुर्चीत बसून कर्णधाराला अक्कल शिकवण्यात त्यांचा हात कोण धरणार!

माईनं मग आपली सोय आपणच करून घेतली. स्वयंपाकघराच्या दारासमोर, बोळकांडीत, भांड्यांचं काचेचं कपाट होतं. दार अर्धवट लोटून बाकावर बसलं की त्या काचेत टीव्ही दिसायचा. आकडे वाचता येत नसत, चेहरे कळत नसत, पण बॅट फिरलेली दिसे. मटार सोलता सोलता ती तेवढ्यावर भागवायची. याचा कुणाला पत्ता नव्हता.

यंदा आपला संघ अंतिम फेरीत पोहोचला तो एका नव्या सलामीच्या पोरामुळे. आदल्या दिवशी जेवताना त्याचाच विषय निघाला आणि माई बोलून गेली, "डावखुऱ्यांचा खेळच देखणा. त्या पोराचा ड्राइव्ह बघितला की डोळ्यांचं पारणं फिटतं."

मुलाला ठसकाच लागला. "आई, अगं तो उजव्या हातानं खेळतो! बघतेस तरी का कधी?"

नवी सूनही हसली. मग तिनं सरळपणे विचारलं, "खरंच, तुम्ही बाहेर का येत नाही हो मॅच बघायला?"

मुलगा भात कालवायला लागला. घड्याळजीही आधी हसले होते. पाणी प्यायला त्यांनी मान वर केली, तर समोर कपाटाच्या काचेत त्यांना बाहेरच्या खोलीतलं भिंतीवरचं घड्याळ दिसलं. उलटं. सगळं आयुष्य घड्याळांत गेलेला माणूस; त्यांना आणखी काही सांगावं लागलं नाही. ते पानावरून लवकर उठले, आणि माईला वाटलं, भाजीत मीठ जास्त झालं.

दुसऱ्या दिवशी सामना शेवटच्या षटकापर्यंत ताणला गेला. शेवटची जोडी खेळत होती, आणि तो सलामीचा पोरगा अजून एक बाजू धरून उभा होता. एवढ्यात घड्याळजींची हाक आली, "अगं, ये इकडे. बस माझ्याशेजारी."

"बाबा, आत्ता?" मुलगा किंचाळलाच. "शेवटची ओव्हर आहे!"

"म्हणूनच."

माई उठली. दाराला हात लावला. पाय मात्र उचलेना. ज्या हाकेची इतकी वर्षं वाट पाहिली ती आली होती, आणि आता तिलाच भीती वाटत होती.

"नको हो," ती तिथूनच म्हणाली. "विकेट गेली तर जन्मभर माझ्या माथी बसेल. एवढं षटक होऊ द्या." घरच्यांनी मानलं ते मानलं, पण तिनंही ते खरं मानलं होतं, हे तिला आत्ता कळत होतं.

बाहेर खुर्ची करकरली. शेवटच्या षटकांत पायाला मुंग्या आल्या तरी घड्याळजी त्या खुर्चीतून हलत नसत. आज ते भिंतीला धरत धरत आत आले.

"सरक जरा," म्हणत ते बाकावर टेकले आणि काचेत बघू लागले. "इथून बघतेस होय?"

"दिसतं बऱ्यापैकी. उलटं दिसतं, एवढंच."

ते टोपलीतली एक शेंग उचलून सोलायला लागले. दाणे निम्मे जमिनीवर.

काचेतला गोलंदाज धावत आला. काचेतल्या डावखुऱ्यानं बॅट फिरवली. चेंडू उंच उडाला, बराच वेळ वर राहिला आणि सीमेवरच्या माणसाच्या हातात जाऊन बसला. संपलं. सगळी गल्ली चिडीचूप झाली.

"तरी म्हणत होतो, आईला बोलावू नका!" बाहेरून मुलगा ओरडला.

माईनं सवयीनं मान खाली घातली. घड्याळजींनी मात्र, आजूबाजूच्या चार घरांनाही ऐकू जाईल एवढा आवाज चढवला.

"ती जागची हललीसुद्धा नाही! उठलो मी. माझ्यामुळे गेली मॅच. यापुढे कुणी विचारलं तर माझं नाव सांगायचं!"

माईला हसू आवरेना आणि डोळेही थांबेनात. आपला संघ हरल्यावर तिला इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं.