बगळीची धोंडशीर

नाकतोडीने श्वास कोंडला, बगळीचे दोन्ही घोटे मॅटवर दाबून धरले आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. भिंतीला पोपडे आले होते. तेही बघवत नव्हते, पण बगळीच्या मोज्यांपेक्षा पोपडे बरे.

बगळी गुडघ्यांवर उभी होती. हात छातीशी घेऊन, कमरेत न वाकता, भिंतीला टेकवलेली फळी सावकाश कलंडावी तशी ती पुढे झुकत चालली. मागून कुणी घोटे धरले नाहीत तर या व्यायामात माणूस तोंडावर आपटतं. मांडीची मागची बाजू पेटली पाहिजे, पेटल्याशिवाय उडी वाढत नाही, असं व्यायाम घेणारे सर म्हणत. एकीने पेटायचं, दुसरीने घोटे धरायचे, मग अदलाबदल. दोघींची उंची सारखी म्हणून सरांनीच ही जोडी जुळवली होती. लग्नंसुद्धा याहून जरा चौकशी करून जुळवतात.

मोजे कालचे होते. परवाचेही असतील. त्यांना घामाचा, मलमाचा आणि ओल्या पोत्याचा वास येत होता. त्यात हॉल चरबीच्या कोठाराला लागून. कारखाना साबणाचा. बाहेरच्यांना वाटतं, आत नुसता सुगंध दरवळत असेल. सुगंध अगदी शेवटी येतो, वडी कागदात गुंडाळायच्या जरा आधी. तोवर सगळी चरबी. पिंपात चरबी, नळावर चरबी, केसांत चरबी, डबा उघडला की पोळीवरही तिचाच वास.

नाकतोडीला सगळ्याचीच किळस यायची. लहानपणी ती आईच्या उष्ट्या पेल्यातलं पाणीही प्यायची नाही. ही पोरगी सासरी नांदणार नाही, दवाखान्यात नांदेल, असं तिची आत्या म्हणायची. नाक कायम मुरडलेलं आणि पाय कायम उडते, म्हणून पॅकिंगमधलं कुणीतरी तिला नाकतोडी म्हणालं आणि ते नाव चिकटलं. बगळी मात्र जन्माचीच बगळी. लांब मान, लांब पाय, आणि चिखलात उभं राहायची लाज नाही.

मॅटवर बगळीचा घाम टपटपत होता. नंतर तिथेच नाकतोडीला हात टेकायचे होते.

पण टेकायचे होते. कारखान्याच्या व्हॉलीबॉल संघात एक जागा रिकामी झाली होती, एकच. दोघी रोजंदारीवर. संघात आली ती कायम झाली, आणि कायम झालेल्या मुली ऑफिसात बसत. टेबल, पंखा, चरबीपासून दोन इमारती लांब. नाकतोडीला चेंडूचं फार काही नव्हतं. तिला तो पंखा हवा होता. चाचणीत जिची उडी उंच तिची जागा, असं सरांनी जाहीर केलं होतं आणि सर शब्दाचे पक्के.

बगळीची उडी बोट बोट करत वर सरकत होती. नाकतोडीची हिवाळ्यापासून एकाच ठिकाणी अडलेली. पायात ताकद आली, पेटीवरून उतरून तापल्या तव्यावर पाय पडल्यासारखं उसळणं जमलं, तरी उडी जिथल्या तिथे. सर खाली वाकून तिची पावलं बघायचे, गुडघे बघायचे, डोकं खाजवायचे, व्यायाम बदलायचे आणि पुन्हा खाली वाकायचे.

तर त्या सकाळी तोंड भिंतीकडे, श्वास कोंडलेला, बगळी अर्ध्यात झुकलेली, आणि नाकतोडीच्या उजव्या अंगठ्याखाली काहीतरी

करकरलं.

दाताखाली रेती यावी तसं. तिने अंगठा उचलला, पुन्हा ठेवला. बगळीचं पाऊल हललं की टाचेच्या वरची ती जाड धोंडशीर आतल्या आत करकरत होती. कानाला ऐकू येत नव्हतं, फक्त हाताला. 

धोंडशीर आधी कुरकुर करते, मग तुटते, हे सरांचंच वाक्य. त्यांच्या तरुणपणी एका खेळाडूची मैदानावरच तुटली होती. काटकी मोडल्यासारखा आवाज आला, आणि मागून कुणी लाथ घातली असं वाटून तो खेळाडू वळून बघत होता. मागे कुणीच नव्हतं. सर ही गोष्ट नव्या मुलींना हमखास सांगत. नव्या मुली मग आठवडाभर जपून चालत.

व्यायाम संपल्यावर नाकतोडी बगळीच्या शेजारी बाकावर बसली. मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा ठेवूनच.

"तुझी धोंडशीर करकरतेय. उजवी."

बगळीने बुटाची नाडी ओढली. "मला तर काही ऐकू आलं नाही."

"ऐकू नाही येत. हाताला लागते. थोडे दिवस थांब, उड्या मारू नकोस."

"चाचणी झाल्यावर थांबू ना? का त्याच्या आधीच?"

 बगळीने दुसरी नाडी बांधली. आवाज चढवला नाही.

"माझे पाय धरून झाले की तू नळावर पळतेस. दोनदा साबण लावतेस. मी काय आंधळी आहे? जिला माझ्या पायाची शिसारी येते तिला आज माझ्या पायाची काळजी कुठून आली गं?"

 नाकतोडीने मनात शोधून पाहिलं. काळजी सापडली नाही. हाताला जे लागलं ते खरं होतं, पण त्यात काळजी नव्हती.

मग ती सरांकडे गेली. सरांनी हसण्यावारी नेलं नाही. सुट्टीनंतरच्या सकाळी बगळीला बाकावर बसवलं, मोजा काढायला लावला आणि स्वतः शीर दाबून, पाऊल वरखाली करून पाहिलं. एक दिवसाची विश्रांती झालेली, मलम चोपडलेलं. काही करकरलं नाही. बगळी तिथल्या तिथे दोनदा उडून दाखवून मोकळी झाली.  सरांनी नाकतोडीकडे फक्त बघितलं, आणि तेवढं पुरलं. पॅकिंगमध्ये दुपारपर्यंत सगळ्यांना कळलं होतं. समोरच्या टेबलावरच्या बाई वड्या गुंडाळता गुंडाळता म्हणाल्या की, काही जणींना उडी मारण्यापेक्षा दुसरीचे पाय ओढणं सोपं जातं. हशा झाला. नाकतोडी हसली नाही, रडलीही नाही. तिच्या नाकाला तर मुरडायला आणखी जागाच नव्हती.

जोडी मात्र सरांनी मोडली नाही.

पुन्हा तेच घोटे. पूर्वी ती अंग चोरून, बोटांच्या टोकांनी धरायची. आता हाताला सांगावं लागत नव्हतं, अंगठा आपणहून जागेवर जाऊन बसायचा आणि वाट बघायचा. सुरुवातीला काही नाही. मग उड्यांचे दिवस सुरू झाले आणि एका सकाळी करकर परत आली. आणि नाकतोडीच्या आत काहीतरी निवलं.

निवलं म्हणजे चक्क बरं वाटलं. भाजल्यावर गार पाणी ओतल्यासारखं.

हे बरं वाटणं कसलं, ते तिला लगेच उमगलं, आणि त्या दुपारी डबा उघडून तसाच बंद झाला. त्याला चरबी कारण नव्हती. आजवर तिला लोकांची घाण यायची. मोज्यांची, उष्ट्याची, बेसिनमध्ये अडकलेल्या केसांची. त्यापासून लांब सरकता यायचं. आता जिची घाण येत होती तिला घेऊनच झोपावं लागायचं, उठवावं लागायचं, वेणी घालून द्यावी लागायची.

चाचणीला कारखान्याचे साहेब आले. मध्यभागी उंच खांब, त्याला आडव्या पट्ट्या, एकीवर एक. उडी मारून हाताने जी पट्टी ढकलली जाईल ती तुमची. तीन उड्या, त्यांतली सर्वांत उंच धरायची. बाकी मुली पहिल्याच फेरीत मागे पडल्या आणि भिंतीला टेकून तमाशा बघत बसल्या.

दुसऱ्या फेरीअखेर दोघी एकाच पट्टीवर. नाकतोडीची तीच, हिवाळ्यापासूनची. बगळी एरवी त्याच्या वर जायची, पण आज दोन्ही वेळा खाली आल्यावर ती क्षणभर डाव्या पायावरच उभी राहिली होती. सर साहेबांना खुर्ची देत होते. त्यांनी ते पाहिलं नाही.

पाणी प्यायला सगळे पांगले. बगळी सरळ चालत आली, नाकतोडीच्या शेजारी बसली, बूट काढला, मोजा काढला आणि उघडा पाय सगळ्यांदेखत तिच्या मांडीवर ठेवला.

"बघ."

पाय तापला होता. अंगठ्याला शोधावंही लागलं नाही. अख्ख्या तळहाताखाली करकर होती, आणि शिरेवर बोराएवढी सूज.

नाकतोडी पायाकडे बघत राहिली. वाजत नाही म्हटलं तर ही उडणार. शीर तुटली तर जागा आपली, आणि दोष कुणाचाच नाही. वाजतंय म्हटलं तर ही बसणार. निम्मी जागा आपली झालीच. इकडे आड तिकडे विहीर असती तर माणूस निदान रडतं. इथे इकडेही तूप आणि तिकडेही तूप, आणि दोन्हीला चरबीचा वास.

"वाजतंय," ती म्हणाली. "त्या दिवसापेक्षा जास्त."

बगळीने पायाकडे पाहिलं नाही. नाकतोडीच्या मुरडलेल्या तोंडाकडे पाहिलं.

"खोटं बोलायचं असतं तर आज तरी गोड तोंड केलं असतंस," ती म्हणाली आणि पाय काढून घेतला.

तिने उठून सरांना सांगितलं की ती तिसरी उडी मारणार नाही. सर तिच्या टाचेपाशी वाकले, दाबून पाहिलं, आणि या वेळी लगेच उठले नाहीत. साहेबांनी घड्याळ पाहून विचारलं, मग आता कसं? सर म्हणाले, नाकतोडीची शेवटची उडी बाकी आहे. एक पट्टी वर गेली तर प्रश्न मिटला. नाही गेली तर बरोबरी, पुन्हा भरती निघेल तेव्हा बघू. पुन्हा केव्हा, ते कुणी बोललं नाही.

भिंतीकडून कुजबुज आली. ओढलेच शेवटी पाय.

नाकतोडी खांबाखाली जाऊन उभी राहिली. वरची पट्टी लांब नव्हती. कधीच लांब नव्हती, एवढीशीच तर होती, आणि तेवढ्याच वीतभर हवेत ती एवढे महिने डोकं आपटत होती. तिने गुडघे वाकवले.

"थांब."

बगळी बाकावरच होती, उघडा पाय पुढे पसरून. चेहरा असा, जणू तोंडात काही नासकं आलंय आणि गिळवतही नाही.

"हात उशिरा निघतात तुझे," ती म्हणाली. "पाय आधी जमीन सोडतात आणि हात मागून येतात. सर खाली बघत बसतात, त्यांना दिसत नाही. मी पहिल्या दिवसापासून बघतेय."

सरांनी पहिल्यांदाच पावलं सोडून नाकतोडीच्या हातांकडे बघितलं.  बगळीने मान खाली घातली आणि तो कळकट मोजा पायावर चढवू लागली, सुजेपाशी अडला तसा शिवी हासडत.

नाकतोडीने तिच्याकडे पाहिलं. मग पट्टीकडे. गुडघे पुन्हा वाकवले, दोन्ही हात मागे नेले, आणि पायांना धरून ठेवलं. आधी हात.