गाडीत बसलेली माणसं

बुश तिसऱ्यांदा फाटला होता. अमजदनं तो उजेडात धरून उलटासुलटा करून पाहिला. आता बुश म्हणजे तरी काय, चाकाला धरून ठेवणाऱ्या लोखंडी आर्मच्या टोकात बसवलेलं मुठीएवढं रबर. रस्त्याचे धक्के ते गिळतं, म्हणून आत बसलेल्यांची हाडं शाबूत राहतात. वर्षानुवर्षं टिकावा असा जिन्नस, आणि जालिंदरभाऊंच्या छोट्या गाडीत तो दिवाळी ते संक्रांतही टिकेना.

जालिंदरभाऊ पाथर्डीतलं जुनं गिऱ्हाईक, पार अमजदच्या वडिलांपासूनचं. माणूस शांत. त्यांनी आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाले, "आता जर फाटला, तर मी गाडी नगरला दाखवीन. वाईट वाटून घेऊ नको." अमजदला फार वाईट वाटलं. अब्बांनी जोडलेलं माणूस तुटणार, आणि तेही अब्बांच्या डोळ्यांदेखत.

अब्बा, म्हणजे मोहियोद्दीन, गॅरेजच्या दारात खुर्चीवर बसलेले असत. लकव्यानं उजवी बाजू गेली, वाचाही गेली, भरलेलं अंग झडत गेलं. इथं दिवस बरा जातो म्हणून अमजद त्यांना रोज आणायचा. पण गाडी लिफ्टवर चढली की म्हातारा बेचैन व्हायचा. डाव्या हातानं मांडीवर थापट्या मारायचा, गाडीकडं बोट करायचा. कंटाळले असतील, असं समजून अमजद त्यांना चहा पाजायचा. पोटच्या पोराला बापाचं कळत नाही ते हे असं.

बुश डुप्लिकेट असेल म्हणून गेल्या खेपेला त्यानं कंपनीचा आणला होता. आर्म वाकलाय म्हणावं, तर तोही सरळ. आता त्याला काळजीपेक्षा नवलच जास्त वाटू लागलं. रबर झिजलं नव्हतं. ओला कपडा पिळावा तसं पिळून फाटलं होतं. मग त्याला पिळतंय कोण?

तिकडं जालिंदरभाऊंच्या बायको भिमाबाई अब्बांपाशी बसून गप्पा मारत होत्या. गप्पा कसल्या, त्याच बोलत होत्या. अमजदकडं वळून म्हणाल्या, "चाचांचं लई मानाचं काम हुतं बघ. गाडीखालच्या खड्ड्यात उतरायच्या आधी आमा समद्यांना गाडीत बसवायचे. ज्यो जिथं बसतो तिथंच बसा म्हनायचे, अन् मग खालनं नट आवळायचे. तू तर बसा बी म्हनत न्हाईस."

अमजदचा हात जागीच थांबला.

तो रिवाज त्यानंही पाहिला होता. गिऱ्हाइकाची मर्जी राखायची अब्बांची तऱ्हा, असं समजून मनातल्या मनात हसलाही होता. लिफ्ट आली, खड्ड्यावर फळ्या पडल्या आणि रिवाज बंद झाला. पण लिफ्टवर चाकं लोंबकळतात. तशात नट आवळला की रबर लोंबत्या जागीच जखडतं, आणि गाडी खाली येऊन माणसं बसली की पिळलं जातं ते कायमचं. मान कसला अन् काय, ते तर काम होतं.

"अब्बा, हेच सांगत होता ना?"

अब्बांनी मांडीवर जोरात थाप मारली. त्यांचे डोळे भरून आले. अमजदला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यानं नवा बुश बसवला, नट ढिला ठेवला. खड्ड्यावरच्या फळ्या काढून गाडी त्यावर घेतली. भिमाबाई मागं बसल्या, जालिंदरभाऊ स्टिअरिंगला. शेजारची जागा त्यांच्या मुलाची, प्रशांतची, पण तो आता पुण्याला. अमजद म्हणाला, "तिथं अब्बांना बसवा." आणि हातबॅटरी घेऊन खाली खड्ड्यात उतरला.

पूर्वी अब्बा गाडीत बसले की त्या अंगाला गाडी चांगली बोटभर दबायची. तेवढी दबू द्यायची आणि मग पाना लावायचा. जालिंदरभाऊ उतरल्याचं त्याला कळलं, पलीकडचं दार उघडल्याचंही. ते परत येऊन स्टिअरिंगला बसले, तसा त्यांच्या बाजूचा आर्म खाली आला. अब्बांच्या बाजूचा होता तिथंच राहिला.

अमजद वाट बघत राहिला. मग त्यानं खालूनच विचारलं, "बसले का अब्बा?"

"कवाच बसल्यात की," जालिंदरभाऊ म्हणाले.

वरून थापटी ऐकू आली. अमजदनं नटाला पाना लावला आणि आवळायला घेतला.