मास्तुराआपांचं गाठोडं

माझ्या लेकीने माझ्या हातचं शेवटचं खाल्लं ते भोपळ्याचे संबुसे. तंदुरातून काढल्या काढल्या तिने एक उचलला, चटका बसला म्हणून या हातातून त्या हातात उडवत राहिली आणि उभ्या उभ्याच फुंकर मारत खाल्ला.

"अया, माझ्या लग्नात पुलावाबरोबर हेही कर."

"लग्नात कुणी संबुसे मागत नाही गं. पुलावच मागतात."

"मी मागतेय ना," मेहरंगेझ म्हणाली आणि दुसरा उचलला.

तिच्या सासरची माणसं येऊन नान मोडून गेली होती, म्हणजे सोयरीक पक्की होती. उन्हाळ्यात जर्दाळू वाळवून झाले की लग्न. कानिबादामच्या आमच्या मोहल्ल्यात मी कायवोनी होते. कुणाकडे कार्य असलं की बायकांच्या बाजूची चूल, दस्तरखान, मानपान, सगळं माझ्याकडे. नवरी म्हणून आले त्याच्या पुढच्या वर्षापासून दुसऱ्यांच्या लेकींच्या लग्नाच्या कढया ढवळत आले. अल्लापाशी मागणं एकच होतं, की माझ्या लेकीच्या लग्नाचा घास माझ्या हातचा असावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तुराआपा गेल्या.

त्या आमच्या भिंतीपलीकडच्या. सासूने मला घरात घेतलं, पण कणकेत हात घालायला शिकवलं ते मास्तुराआपांनी. माझा आवाज लहान, कार्यात मला कुणाला हाक मारायची असली की माझ्या वतीने त्याच ओरडायच्या, "सदबर्ग बोलावतेय, कान गहाण टाकलेत का?"

त्या आठवड्यात बर्फ गोठून रस्त्याची काच झाली होती. प्रेतांना न्हाऊ घालणारी बीबी उल्फत त्याच बर्फावर पडून पाय मोडून बसली होती. इस्फराहून दुसरी बाई आणायची, तर गाडी निघेना. दफन तर दुपारच्या नमाजापर्यंत व्हायला हवं. मास्तुराआपांच्या सुना दाराशी उभ्या राहून रडत होत्या, आत कुणी जाईना. शेवटी पुरुषांनी बीबी उल्फतला खुर्चीसकट उचलून आणलं आणि पडद्याआड ठेवलं.

"मी तोंडाने सांगते," ती म्हणाली. "हात कुणाचे?"

मी बाह्या सारल्या.

कोमट पाणी, आधी उजवं अंग, मग डावं. जिथे झाकायचं तिथे कापडाखालूनच हात. ज्या मनगटांनी मला कणीक तिंबून दाखवली ती मनगटं मी धुतली. केस विंचरून दोन पेड छातीवर घेतले. बीबी उल्फत हलक्या आवाजात सांगत होती, मी त्याहून हलक्या आवाजात दुवा म्हणत होते. एवढ्या वर्षांत प्रथमच एखाद्या घरात काम करताना माझ्या वतीने कुणाला ओरडावं लागलं नाही.

बाहेर आले तर थोरल्या सुनेने माझ्या हातावर गाठोडं ठेवलं. मास्तुराआपांचे कपडे, साबण, एक कोरं कापड. मयताच्या नावाने दिलेलं नाकारायचं नाही, एवढंच त्या क्षणी मनात आलं. मी दोन्ही हातांनी घेतलं आणि डोळ्यांना लावलं.

अंगणातल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या.

जवळच्या माणसाने न्हाऊ घातलं तर ते पुण्य. पण गाठोडं घ्यायची ती न्हाऊ घालणारीच. ज्या हाताने ते घेतलं त्या हाताचं पुढे कुणी खात नाही. बीबी उल्फतला सगळा गाव उठून सलाम करायचा, पण प्रत्येक घरात तिची पियाली वेगळी असायची, खिडकीत पालथी घातलेली.

संध्याकाळी माझी नणंद इनोयतआपा आली. ती धाकट्या भावाच्या घरात शिरताना आधी आवाज पाठवते, मग पाय.

"सदबर्ग, अक्कल तंदुरात भाजलीस का गं? गाठोडं कशाला घेतलंस?"

"हातात ठेवलं, आपा. फेकून देऊ?"

"फेकायला कोण सांगतंय. उद्या सकाळी बीबी उल्फतच्या घरी नेऊन दे. म्हणावं, तुझ्यासाठी घेतलं होतं, तुला उठता येत नव्हतं म्हणून. ती हो म्हणेल. लंगडी असली तरी वाईट नाही. सगळं मिटेल."

"तसं मिटतं?"

"लोकांना मिटवायचंच असतं गं. तुझ्यासारखा पुलाव दुसरं कोण करतंय?" मग आवाज खाली आणून म्हणाली, "पोरीचं नान मोडलंय. विसरू नकोस."

मी विसरले नव्हते. सकाळचा नमाज झाला आणि गाठोडं काखेत मारून निघाले.

बीबी उल्फत अंथरुणातच चहा पीत होती. गाठोडं बघून तिला सगळं कळलं.

"ठेव तिथे. मी म्हणेन, माझंच होतं."

"अल्ला तुमचं भलं करो, बीबी."

"माझं काय व्हायचंय आता." ती हसली. "काल हात चांगला चालला तुझा. कार्यात बायका मीठ कमी म्हणून तोंड वाकडं करतात ना, इथे कुणी तोंड वाकडं केलंच तर ते सरळ करणंही आपल्याच हातात असतं."

मी गाठोडं ठेवायला वाकले तेवढ्यात दार वाजलं. खालच्या मोहल्ल्यातला एक माणूस होता, टोपी हातात चुरगाळलेली. त्याची सून रात्री बाळंत होताना गेली होती. बाळही. तो बीबी उल्फतच्या बांधलेल्या पायाकडे बघत राहिला आणि तिथेच उंबऱ्यावर बसला.

"वय काय पोरीचं?" बीबी उल्फतने विचारलं.

"एकोणीस."

मेहरंगेझचं तेवढंच होतं.

बीबी उल्फत माझ्याकडे बघून म्हणाली, "मी तुला जा म्हणत नाही आणि ये म्हणत नाही. माझ्या मुली रशियात. माझ्यामागे या गावात कुणी नाही हे खरं, पण ते ओझं तुझं नाही. गाठोडं ठेव आणि घरी जा. तुझ्याकडे लगीनघर आहे."

मी पुष्कळदा त्या क्षणाकडे वळून बघते. घाई कुणी केली नव्हती. चहा निवत होता, तो माणूस रडतही नव्हता. मला फक्त ती पोर दिसत होती, कुठल्यातरी खोलीत एकटी, आणि दाराशी रडणाऱ्या, आत न जाणाऱ्या बायका. मी गाठोडं पुन्हा काखेत घेतलं.

"चला, अका," मी त्या माणसाला म्हटलं. "पाणी तापत ठेवलंय ना?"

तेव्हा मी अडतीस वर्षांची होते. त्या दिवसानंतर माझ्याकडे कुणी कढई सांगायला आलं नाही.

मेहरंगेझचा बाप नेमत येकातेरिनबर्गला होता. त्याला फोनवर सांगितलं.

"गावात मी भूगोल शिकवायचो," तो म्हणाला. "आज इथे विटा रचतो. मी काम बदललं तेव्हा लोक म्हणाले, नेमत कमावता झाला. तू बदललंस तर काय म्हणतील ते बघ." मग म्हणाला, "मी काही म्हणत नाही, सदबर्ग. पण पोरीशी बोल."

पोरीशी बोलले. ती चुलीपाशी होती.

"अया, हात धुतलेस?"

"धुतले गं. गुस्लची अंघोळ करूनच आले."

"मग बस तू. दमली असशील. मी करते स्वयंपाक."

त्या दिवसापासून घरचा स्वयंपाक तिने हातात घेतला. कणीक तीच मळायची, चहाही तीच ओतायची. मला वाटलं, सासरी जायचीय म्हणून हात बसवतेय. शेजारणींना मी कौतुकाने सांगायचेही. त्या मान हलवायच्या आणि विषय जर्दाळूंवर न्यायच्या. बऱ्याच दिवसांनी एकदा मी निवडून ठेवलेले तांदूळ तिने पुन्हा तीन पाण्यांनी धुतले, मग चौथ्याने. मी आत जाऊन हातपाय धुऊन वजू केली आणि वेळ व्हायच्या आधीच नमाजाला बसले.

जर्दाळू गच्चीवर पसरले होते तेव्हा विहीणबाई मुकर्रमा आल्या. फार गोड बाई. चपला काढताना भिंतीला हात लावत नाहीत, माणसालाही दुखवत नाहीत.

"सदबर्गजान, तुमच्या हाताला अल्लाने किती बरकत दिली होती. माझ्या थोरल्याच्या लग्नातला तुमच्या पुलावाची आठवण आजही काढतात लोक."

"अल्लाची मेहेर."

"आम्ही काही म्हणत नाही. आमच्या घरात तसलं काही नाही. पण पाहुणे आले की शंभर तोंडं. म्हणून म्हटलं, इस्फराहून कायवोनी आणू. एवढी वर्षं तुम्ही उभ्या राहिलात, लेकीच्या लग्नात तरी निवांत बसा."

मेहरंगेझ चहा घेऊन आली. मी तिच्याकडे बघितलं. ती एवढंच म्हणाली असती, की अयाच करेल, तरी मी नको म्हटलं असतं. लग्न मोडून मला कढई नको होती. पण तिने पियाल्या मांडल्या, विहीणबाईंना आधी दिली, मग मला. माझी पियाली निळ्या काठाची होती. बाकीच्या पांढऱ्या.

"जशी तुमची मर्जी," मी म्हटलं.

"अया बसेल," मेहरंगेझ विहीणबाईंना म्हणाली. "तिला विश्रांती हवीच आहे."

लग्नात मी दस्तरखानाच्या टोकाला बसले. इस्फराच्या बाईने गाजर जाड कापलं होतं, पण पुलाव वाईट नव्हता. बायका येऊन मुबारक म्हणत होत्या, खांद्याला खांदा लावत होत्या, हात मात्र हातात घेत नव्हत्या. निघताना नवरीने उंबऱ्यावर आईने धरलेल्या नानाचा एक घास तोडायचा, उरलेलं आईने जपून ठेवायचं. नान इनोयतआपाने धरलं. तिने ते खाली मान घालून पुढे केलं.

"मी नाही म्हणत होते," मागून ती माझ्या कानाशी पुटपुटली. "तिनेच सांगितलं, आत्या तू धर."

मी म्हटलं, "घास मोठा तोडला ना? म्हणजे पोर उपाशी राहायची नाही."

बीबी उल्फत हिवाळ्यात गेली. तिला मीच न्हाऊ घातलं. तिच्या मुलींनी रशियाहून फोन करून विचारलं, गाठोडं कुणाला द्यायचं. मी म्हटलं, माझंच आहे ते.

वसंतात एका गुरुवारी मेहरंगेझ घरी आली. सोमवार आणि गुरुवार मी रोजा धरते, लग्नाआधीपासून. दस्तरखान घालू लागले तर ती म्हणाली, "राहू दे अया, माझाही रोजा आहे."

"तुझा? कधीपासून?"

"आजच धरला. तुझं बघून."

मला किती बरं वाटलं ते सांगता येत नाही. उन्हाळाभर जे मनात साठलं होतं ते सगळं विरघळलं. आम्ही दोघी एकत्र रोजा सोडणार. मी तिला पडवीत बसवलं, कोठीतला शेवटचा भोपळा काढला, कांदा बारीक चिरला, बिस्मिल्ला म्हणत एकेक संबुसा भरून तंदुराच्या भिंतीला चिकटवला. ती सासरच्या गोष्टी सांगत होती. दिराने गाय घेतली. सासू तिला नावाने नाही, "माझं पाखरू" म्हणून हाक मारते. मी धुरातून हसत होते.

सूर्य टेकला. मशिदीतून अजान आली. मी संबुशांची थाळी तिच्यापुढे सरकवली, वर आलेली वाफ तिच्या तोंडावर गेली. तिने पर्स उघडली. कागदात गुंडाळलेले दोन खजूर काढले. एक स्वतः घेतला, दुसरा माझ्या तळव्यावर सोडला, वरून, बोटं न टेकवता. मग पर्समधूनच पाण्याची बाटली काढली.

"दुवा म्हण ना, अया," ती म्हणाली.

मी दुवा म्हटली. खजूर खाल्ला. गोड होता.

"एक तरी घे. भोपळ्याचे आहेत."

"घरी वाट बघत असतील गं. उशीर झाला तर सासू बोलत नाही, पण दारात उभी राहते." तिने माझ्याकडे न बघता डोकीचा रुमाल सारखा केला. "बांधून दे. नेते मी."

मी बांधून दिले, मास्तुराआपांच्या गाठोड्यातल्या नाही, माझ्या स्वतःच्या कोऱ्या रुमालात. तिने दोन्ही हातांनी घेतलं आणि डोळ्यांना लावलं. कालव्यापर्यंत तिला सोडायला जाणार होते, पण ती म्हणाली, नको, थंडी आहे.

सकाळी वरच्या मोहल्ल्यातून बोलावणं आलं. एक म्हातारी, झोपेतच गेलेली. मी निघाले. कालव्याच्या पुलापाशी जुनी मातीची भिंत आहे, तिच्या माथ्यावर माझा रुमाल होता. चारी टोकं नीट मोकळी केलेली, वारा उडवू नये म्हणून कडेला एक खडा. वर संबुसे होते तसेच, एकावर एक.

अन्न खाली टाकायचं नाही, पायाखाली येईल. खायचं नसलं तर उंचावर ठेवायचं, पाखरं खातील. ती चालायला लागली तेव्हाच मी तिला हे शिकवलं होतं, त्याच भिंतीपाशी, कडेवर उचलून घेऊन, कारण तिचा हात पोचत नव्हता.

चिमण्या जमल्या होत्या. भोपळ्याचा भाग आधी ओढून काढत होत्या. रुमाल काढून घ्यावासा वाटला, पण मी पुढे झाले असते तर त्या उडाल्या असत्या. वरच्या मोहल्ल्यात पाणी तापलं असेल, निवायच्या आत पोचायला हवं होतं. मी पुलाच्या पलीकडच्या कडेने, पावलं न वाजवता, निघून गेले.