मागच्या खोलीचं नेट

मी तसा तापट माणूस, पण वहिनीपुढे त्या दिवशी मी साफ हरलो.

पक्षाघातानंतर बाबांची वाचा गेली होती. मागच्या खोलीत पलंगावर बसून रोज सकाळी दहाला ते मोबाईलवर व्हिडिओ कॉलने पुन्हा बोलायला शिकायचे. आणि रोज ऐन शब्दाला नेट अडकून समोरच्या शिकवणाऱ्या बाई पडद्यावर थिजायच्या. बाबांना वाटायचं, आपणच अडकलो. शेवटी त्यांनी मोबाईल पालथा ठेवला तो ठेवलाच. मला रडू यायचं, आणि रडू आलं की मी ओरडतो. नेटवाल्याला फैलावर घेतलं, दुप्पट वेगाचं नेट घेतलं. ढिम्म फरक नाही.

वहिनी शिवणकाम करते. माप घेतल्याशिवाय कात्री लावायची नाही, हा तिचा खाक्या. मोबाईल घेऊन ती घरभर फिरली आणि जिथे नेटच्या जितक्या रेघा दिसल्या, तितका आकडा शिवणाच्या खडूने फरशीवर लिहीत गेली. घराला झगा शिवतेस का, असं मी विचारलं. तिने पुढचा आकडा लिहिला. आकडे बघत ती माझ्या लोखंडी कपाटापाशी येऊन थांबली.

धूळ बसू नये, कोणी हात लावू नये म्हणून राऊटर मी त्यात कुलूपबंद ठेवला होता. वायरीपुरतं भोकही स्वतः पाडलं होतं.

"भाऊजी, किल्ली द्या."

दार उघडलं आणि दोनाच्या चार रेघा झाल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. राऊटर तिने खोल्यांमधल्या बोळात उंचावर, उघड्यावर लावला. जाड भिंतीपलीकडे बाबांकडे तरीही एकच रेघ. मग टेपने मोजून तिथवर वायर नेली, चौकटीच्या कडेने, टाचून ठेवल्यासारखी सरळ, आणि पलंगाजवळ दुसरा छोटा राऊटर बसवला. काय हात आहे बाईचा! बाबा पडल्या पडल्या सगळं ऐकत-बघत होते.

दुसऱ्या दिवशी दहाला वहिनीनेच मोबाईल धरला. बाबा अडखळले, बाई थांबल्या, पण चित्र थिजलं नाही. अर्ध्या तासात "पाणी" हा शब्द पुरा झाला. पुढच्या महिन्यात एकदा शिकवणी संपली आणि बाबांनी मान माझ्याकडे वळवली.

"कपाटात... कोण... ठेवतं?"

एरवी मी कोणाचं ऐकून घेत नाही. पण इतकी गोड बोलणी मी जन्मात खाल्ली नव्हती. डोळे पुसत म्हणालो, "चुकलं, बाबा. पुन्हा बोला."