सागाला सांगितलेलं

हरिबा सुतारानं कुऱ्हाड सागाच्या बुंध्याला टेकवून ठेवली आणि हळदीकुंकवाची बोटं खोडावर ओढली. मग नारळ झाडाचा मालक आकाराम याच्या हातात देऊन तो मागं सरला. आता घरातल्या माणसानं बोलायचं होतं. झाड तोडायच्या आधी त्याचं काय होणार ते त्याला सांगायचं, आणि एकदा सांगून नारळ फोडला की त्याचं तेच करायचं. हरिबाच्या घराण्यात दुसरं काही चालत नव्हतं. न सांगता तोडलेल्या लाकडाला तो रंधासुद्धा लावत नसे.

साग माळावरच्या मुरमात उभा होता. आकारामच्या आज्यानं लावलेला. त्याला कुणी कधी पाणी घातलं नाही, मुळं खडकात, त्यामुळं वाढला तो अगदी रडतखडत. पण लाकूड असं की वर्षानुवर्षं नदीत राहिलं तरी कुजायचं नाव नाही. पंचक्रोशीत असला साग आता उरला नव्हता. ज्यांच्याकडं होता त्यांनी तो कधीच विकून खाल्ला होता. हल्ली ठिबकवर वाढवलेले साग बघता बघता मांडीएवढे होतात, आणि आतून मुळ्यासारखे पांढरे नि पोचट निघतात.

आकारामच्या थोरल्या मुलाला, ऋषिराजला, या सागाचं दार हवं होतं. आष्ट्यात त्याचा बंगला उभा राहत होता आणि पुढच्या दारावर तो आईचं नाव कोरून घेणार होता. आईवर त्याची माया होती, त्यात खोट काढायला जागा नाही. पण महापुरात तो पुण्यात होता. घरात होते आकाराम, धाकटी बहीण उत्कर्षा आणि तापानं फणफणलेली आई, मनुबाई. नदीवर पूल झाल्यावर गावानं आपली जुनी होडी फोडून चुलीत घातली होती, आणि त्या पावसाळ्यात पूलच पाण्याखाली गेला. बाहेरून मदत आली तोवर मनुबाई माळ्यावरच संपली होती. दवाखाना पलीकडच्या काठावर होता.

आकाराम त्या दिवसांबद्दल कधी बोलला नाही. मुलानं दाराचं काढलं तेव्हा तो बरं म्हणाला. उत्कर्षानं होडीचं काढलं तेव्हा मान खाली घालून चहा पीत राहिला. दोन्ही होणार नव्हतं. दाराच्या मापानं तुकडे पाडले की होडीच्या लांब फळ्या गेल्या, हे हरिबानं तिला आधीच बजावलं होतं. ती पावसाळाभर बापाच्या मागं लागली आणि शेवटी दमली.

“बोल रं ऋषिराज,” आकाराम म्हणाला.

बोलायचा मान खरं तर आकारामचाच, पण बायको गेल्यापासून तो सगळं पोरावर सोडत असे. ऋषिराजनं घसा खाकरला. तेवढ्यात उत्कर्षा पुढं झाली आणि तिनं खोडावर हात ठेवला.

“तुझी होडी करणार हाय,” ती सागाला म्हणाली. “गावाची होडी.”

ऋषिराजचा पारा चढला. पोरीबाळींनी झाडाशी बोलायची रीत नाही, हे बोलणं धरायचं नाही, आबा आता नीट सांगतील, असं तो एका दमात बोलून गेला. आईचं नाव दारावर आलेलं हिला बघवत नाही, असंही म्हणाला.

उत्कर्षानं हात काढला नाही.

“आईला दार नको हुतं, दादा. तिला पलीकडं जायचं हुतं.”

ऋषिराज हरिबाकडं वळला. यंत्राची करवत घेऊन उद्या दुसरी माणसं आणतो म्हणाला. हरिबानं खुशाल आण म्हणून सांगितलं, पण आपण या लाकडाचं दार करणार नाही. झाडाला सांगून झालं आहे, आता ते मोडलं तर आकारामच मोडू शकतो.

मग सगळे आकारामकडं बघू लागले. नारळ अजून त्याच्याच हातात होता. त्यानं फोडला तर बोललेलं पक्कं. न फोडता त्यानं तोंड उघडलं, तर पोरीचं बोलणं पुसलं जाणार होतं. उत्कर्षाला बापाची खात्री नव्हती. आपण भावाला कायमचं तोडतोय, हे तिला कळत होतं. पण बाप नाही म्हणाला तरी ती इथून हलणार नव्हती. यंत्र आलं तर यंत्रासमोर उभी राहणार होती.

आकारामनं नारळ दगडावर आपटला. पाणी मुरमात जिरलं.

ऋषिराज बांधावर जाऊन बसला. हरिबानं कमरेचा टेप काढला आणि किती माणसांची होडी करायची, असं विचारलं. उत्कर्षा हिशेब करायला लागली. ती काही सांगायच्या आत आकाराम बोलला.

“किती का बसंनात, हरिबा. मदी एक माणूस आडवं झोपंल एवढी जागा सोड.”