दूध-तुपाचा मास्तर

धुळ्याच्या कचेरीत त्र्याण्णव साली डॉक्टरीणबाई तपासणीला आल्या आणि हेडक्लार्क यादवभाऊंच्या कपाळाला आठी पडली. जिना चढताना छातीत कळ यायची, ती ते महिनाभर लपवत होते. आजारी दिसलो तर बढती गेली, ही धास्ती. त्यात बाईंनी नाडी सोडून भलतंच काढलं.

"लहानपणी पोटभर मिळायचं? दूध असायचं? वडील काय करायचे?"

अहो, छातीचा आणि वडिलांचा काय संबंध? शेजारच्या टेबलावरचा रुपचंद कान टवकारून बसलेला. हे सगळं जात काढायचे धंदे! सरळ विचारता येत नाही, म्हणून दुधाच्या वाटेने आलेत लेकाचे.

"वडील मास्तर होते," यादवभाऊ ठणकावून म्हणाले. "दारात दोन म्हशी."

बाईंनी लिहून घेतलं आणि त्यांना सोडून दिलं. शिपाई हबीबला मात्र आत नेऊन छातीला वायरी लावल्या.

दुपारी हबीब हसत आला. "साहेब, लहानपणी ज्यांनी उपास काढले, त्यांचं काळीज मोठेपणी लवकर दगा देतं म्हणे. मशीन एकच, म्हणून आमचा नंबर आधी. तुमचं बरंय, दूध-तूप!"

यादवभाऊंच्या तोंडचं पाणी पळालं. घरी आईला, द्रौपदाबाईंना सांगितलं, तर म्हातारी भडकलीच.

"म्हशी? आपला घर बकरी बी नव्हती! तुना बाप राबी राबी मरी गया, आनि तू त्याले मास्तर करी टाकं? लाज वाटनी का तुले त्यानी?"

दुसऱ्या दिवशी यादवभाऊ दोनदा थांबून जिना चढले आणि सगळ्यांदेखत बाईंसमोर उभे राहिले.

"काल मी खोटं बोललो. वडील शिंदखेड्याकडे गावातली मेलेली ढोरं ओढायचे. मी सात वर्षांचा, पाय धरायचो. दूध लोकांच्या घरी बघितलं."

बाईंनी वायरी लावल्या, मशीनमधून आलेली कागदाची पट्टी बघितली आणि एक पायरीही उतरू नका, म्हणाल्या. त्यांना खुर्चीत बसवून खाली न्यायचं ठरलं. एका बाजूने हबीब होता, दुसऱ्या बाजूने रुपचंदने खुर्ची उचलली. याला माझी जागा हवी, तेव्हाच एवढा कळवळा, असं यादवभाऊंच्या मनात आलंच.

जिन्यात रुपचंद त्यांच्या कानाशी वाकला. "भाऊ, माझा बाप हमाल होता. मी बाईंना व्यापारी सांगितला."

यादवभाऊंनी त्याचं मनगट धरलं.

"ठेव खुर्ची. आधी वर जा."