बावन्नवरचा काटा

दुपारी तीनचा सुमार होता. ओट्यावर भांडी निथळत होती, लहानगी आतल्या खोलीत झोपली होती. एवढ्यात कपाटातून आवाज आला, 'टण्'. आदल्या रात्री येऊन आत टांगलेल्या रॅकेटची एक तार आपली आपण तुटली होती.

मित्रांनो, ती तार ताणून बसवणारा मीच. बाल्कनीच्या दाराशी, टेबलाला जखडलेलं, रंग उडालेलं मी एक जुनं गटिंगचं मशीन आहे. तुम्ही म्हणाल, मशीनला कसलं आलंय मन? मन नसेल, पण तिटकारा मात्र मला पुरेपूर येतो. एका गुणी मुलीचा खेळ चार-चार सर मिळून उसवताना सहा वर्षं पाहिला, की लोखंडालाही येतो.

माझं तरुणपण एका खेळाच्या दुकानात गेलं. या घरातली ताई तिथेच हे काम शिकली. रॅकेट माझ्या सहा पंजांत आवळायची, आधी उभ्या तारा ओढायच्या, मग आडव्या तारा त्यांतून एक वर, एक खाली अशा विणायच्या. तार किती ओढली जाते आहे ते माझ्या काट्यावर पाउंडांत दिसतं. ताण फार झाला तर जाळी फळीसारखी होते, कमी पडला तर चेंडू कुठच्या कुठे जातो. दुकान बंद झालं तेव्हा मालकाने मला भंगारात काढलं. ताईने मला उचललं आणि लिफ्ट बंद होती म्हणून पोटाशी धरून चार मजले चढवलं. तेव्हा तिला स्वतःलाच सातवा महिना होता. एवढी माया माझ्यावर कोणी केली नव्हती.

ताईच्या धाकट्या बहिणीला घरात बिट्टी म्हणतात. सोळाव्या वर्षी ती व्यावसायिक टेनिस खेळू लागली. मी तिचा एकही सामना पाहिलेला नाही, पण तिची प्रत्येक रॅकेट पाहिली आहे, आणि तारा काही लपवत नाहीत. बिट्टी मनापासून खेळली की जाळीच्या बरोब्बर मधोमध तारा झिजतात, लिंबाएवढ्या गोलात. तिथेच, पुन्हा पुन्हा. आणि मनात शंका शिरली की झीज सगळीकडे पसरते, कोंबडीने अंगण उकरावं तशी. पहिला सेट सहा-एकने खिशात घालायचा आणि पुढचे दोन समोरच्या मुलीला ताटात वाढून द्यायचे, ही तिची रीत. अशा दिवशी एकाच बॅगेतून दोन रॅकेट यायच्या. एकीवर लिंबू, दुसरीवर उकिरडा.

मग दोघींचे बाबा म्हणायचे, "सर बदलू."

पहिले सर शिट्टीवाले. त्यांनी बिट्टीचं मनगट बांधून टाकलं. दुसरे आले, त्यांना तिचा दोन हातांचा बॅकहँड म्हणजे कुबड्या वाटल्या. तो त्यांनी एका हाताचा केला. तिसऱ्यांनी लॅपटॉप उघडला, बॅकहँड पुन्हा दोन हातांचा केला आणि सर्व्हिसला चेंडू चार बोटं पुढे उडवायला सांगितला. आल्या आल्या प्रत्येकाचं पहिलं वाक्य एकच, "हे कोणी शिकवलं तुला?" नवा न्हावी आधीच्या न्हाव्याने कापलेले केस चिमटीत धरून विचारतो ना, अगदी तसं. आणि प्रत्येकाचा पहिला हुकूमही एकच, तारांचा ताण बदला. स्वाभाविक आहे. ताण बदलायला घाम गाळावा लागत नाही. चिठ्ठीवर आकडा लिहिला की झालं.

दुसऱ्या सरांची चिठ्ठी आली, सत्तावन्न. तोवर बिट्टी बावन्नवर खेळायची. त्या दिवशी ताईची लेक दोन महिन्यांची होती आणि सकाळपासून रडून तिने घर डोक्यावर घेतलं होतं. एका हाताने पाळणा, एका हाताने तार, अशा धांदलीत ताई माझं बटण फिरवायचंच विसरली. रॅकेट बावन्नवरच विणली गेली आणि निघूनही गेली. ताईच्या लक्षात आलं तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला.

तिसऱ्या दिवशी बिट्टीचा फोन आला. "ताई, सत्तावन्न म्हणजे जादू आहे गं. सर म्हणाले, बघ, पाच पाउंडांत मुलगी बदलली."

लेकीला कडेवर घेऊन ताई इतकी हसली, की रडणारी लेक गप्प होऊन आईकडे बघत राहिली.

त्या दिवसापासून माझं बटण कोणी फिरवलेलं नाही. लॅपटॉपवाल्यांनी अठ्ठेचाळीस मागितले, ताईने बावन्न दिले. अठ्ठेचाळीसमुळे चेंडूचा वेग किती वाढला याचा त्यांनी रंगीत आलेख काढला. तो बाबांनी इथे येऊन फ्रिजवर चिकटवला. अजून आहे. फ्रिजचं दार उघडताना ताई तिकडे बघत नाही, मी मात्र बघतो. आणि मला हसू येत नाही, किळस येते.

ताईचंही हसू वर्षभरच टिकलं. कारण बिट्टी जिंकली की म्हणायची, "सरांचा आकडा लागू पडला." आणि हरली की म्हणायची, "माझाच हात फुटका." सगळी जीत सरांची, सगळी हार हिची. खरं सांगावं, तर पोरीचा सगळ्यांवरचा विश्वास उडायचा. न सांगावं, तर स्वतःवर कधी बसायचाच नाही. ताई दर वेळी तोंड उघडायची आणि त्या तोंडात तारेचं टोक धरून पुढच्या तारेला हात घालायची.

मित्रांनो, मला तेल द्या किंवा देऊ नका, माझं काही अडत नाही. पण ज्याचा हात मुळात चांगला आहे, त्याला पुन्हा पुन्हा दुसऱ्याचा हात जोडू नका. मी लोखंडाचा आहे, माझे भाग बदलता येतात. पोरीचे येत नाहीत.

तर त्या दुपारी तार तुटली आणि तासाभरात बिट्टी आली. एरवी ती दारातूनच चिठ्ठी टाकून जाते, माझी कुरकुर तिला सोसत नाही. त्या दिवशी मात्र स्टुलावर बसली.

"नव्या सरांनी अठ्ठावन्न सांगितलेत," ती चिठ्ठी टेबलावर ठेवत म्हणाली. हे चौथे. "सोमवारी पात्रता फेरी आहे. या वेळी पहिल्याच सामन्यात गेले ना ताई, तर मी रॅकेट ठेवून देणार आहे. बाबांना अजून सांगितलेलं नाही."

ताईने कपाट उघडलं. तिने तुटक्या तारेची रॅकेट उजेडात धरली. मधोमध लिंबू होतं, नीट, गोल.

"हे कधीचं गं?"

"कालचं. सर यायच्या आधी भिंतीवर मारत होते."

"कसं मारलंस?"

"काय माहीत. कोणी बघत नव्हतं ना." बिट्टीने फोन काढला आणि त्यात स्वतःचीच सर्व्हिस सावकाश, पुन्हा पुन्हा बघत बसली.

ताईने जुन्या तारा कापल्या, रॅकेट माझ्या पंजांत आवळली, पहिली तार ओवली. तिचं बोट माझ्या बटणापाशी गेलं, थांबलं, माघारी आलं. तेवढ्यात लहानगी डोळे चोळत उठून आली. आता ती सहाची होत आली आहे, आणि आकडे ती माझ्याच काट्यावर शिकली. हनुवटी टेबलावर टेकून ती नेहमीसारखी मोठ्याने वाचू लागली.

"बावन्न." दुसरी तार. "बावन्न." मग शेजारची चिठ्ठी तिने जवळ ओढली. "पाच आणि आठ. अठ्ठावन्न."

"तू जा, दूध पी जा," ताई म्हणाली.

ती गेली नाही. तिने काट्याकडे पाहिलं, चिठ्ठीकडे पाहिलं, मग स्टुलावरच्या मावशीकडे पाहिलं. बिट्टीची मान खालीच होती. पण फोनवरचा तिचा अंगठा थांबला होता.

"आई," लहानगीने विचारलं, "मावशीला आकडे वाचता येत नाहीत का?"